केल्टिक गाठींचे दागिने : डबीतलं कार्ड आणि खरी कहाणी

लिफीकाठची

डब्लिनमधल्या कुठल्याही भेटवस्तूंच्या दुकानात गाठीचं चांदीचं पेंडंट घ्या, डबीत एक चिमुकलं कार्ड असतंच. तीन टोकांची गाठ असेल तर 'पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा'. गिऱ्हाईक देवाधर्मातलं दिसलं नाही तर तीच गाठ 'देह, मन, आत्मा' होते. झाडाच्या मुळांसारखी दिसणारी असेल तर 'ओकचं बळ', दोन धागे एकमेकांत शिरलेले असतील तर 'अमर प्रेम'. आणि सगळ्या कार्डांच्या तळाशी 'प्राचीन केल्ट लोकांचं प्रतीक'. आपली मंडळी सुट्टीत घरी जाताना हे दागिने नेतात आणि कार्डावरचा मजकूर इमानेइतबारे पुढे सांगतात. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं आधीच सांगते. दागिना सुंदर आहे, जरूर घ्या. पण कार्डावरचे बहुतेक अर्थ फार तर दीड-दोनशे वर्षांचे आहेत, काही तर त्याहूनही कोवळे. बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी ज्यांनी या गाठी घडवल्या त्यांनी 'ही गाठ म्हणजे अमुक' असं लिहून ठेवलेलं नाही. जे त्यांनी मागे ठेवलं ते मात्र कार्डापेक्षा कितीतरी भारी आहे.

पहिली गोष्ट काळाची. इतिहासात ज्यांना केल्ट म्हणतात ते युरोपातले लोहयुगातले लोक. इ.स.पू. पाचव्या शतकापासून त्यांची जी नक्षी दिसते तिला ला टेन शैली म्हणतात. ला टेन ही स्वित्झर्लंडमधल्या नशातेल सरोवराकाठची जागा. या शैलीत भोवरे आहेत, वेलांट्या आहेत, तुतारीच्या तोंडासारखी फुलत जाणारी वळणं आहेत. गाठ जवळपास नाहीच. त्यांचा मानाचा दागिना टॉर्क, म्हणजे गळ्यातलं जाडजूड, पुढे दोन टोकं असलेलं कडं. इंग्लंडमध्ये नॉरफोकातल्या स्नेटिशॅमला १९५० मध्ये शेत नांगरताना एक सापडला. सोन्याचांदीच्या मिश्रणाच्या ६४ तारा, आठ-आठ तारांचे आठ पेड, सगळे एकत्र पिळलेले, वजन एक किलोच्या वर. आज तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पीळ आहे, गाठ नाही.

गाठी येतात सातव्या शतकात, आणि येतात त्या चर्चबरोबर. रोमन फरशांवर साखळीसारखी गुंफलेली किनार होतीच, भूमध्य समुद्राकाठच्या ख्रिस्ती जगातही तशी नक्षी होती. इकडे ॲंग्लो-सॅक्सन सोनार एकमेकांना चावणारे, एकमेकांत अडकलेले प्राणी घडवत होते. इंग्लंडमधल्या सटन हूच्या दफनातला सोन्याचा कमरपट्ट्याचा बकल पाहा, चारशे ग्रॅमहून जास्त वजनाचा, आणि त्यात अजिबात केल्ट नाहीत. हे सगळे प्रवाह आयर्लंड, स्कॉटलंड आणि नॉर्दम्ब्रियाच्या (उत्तर इंग्लंडातलं तेव्हाचं राज्य) मठांत एकत्र आले, जुन्या भोवऱ्यांशी त्यांची सोयरीक जमली, आणि 'बुक ऑफ डरो', लिंडिसफार्नची पोथी, इ.स. ८०० च्या आसपासचं 'बुक ऑफ केल्स' अशा बायबलच्या नक्षीदार पोथ्या तयार झाल्या. जाणकार या कलेला केल्टिक न म्हणता द्वीपीय म्हणतात.

आता दागिन्याकडे. इथे डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात टारा ब्रोच आहे, साधारण इ.स. ७०० चं. झगा अंगावर अडकवायची ही पिन. कडं जेमतेम ८.७ सेंटिमीटर व्यासाचं, तळहातावर मावेल एवढं. चांदीवर सोन्याचा मुलामा, आणि पुढच्या बाजूला नखाएवढे खण. खणात सोन्याचा पातळ पत्रा, त्यावर सोन्याच्या तारेचे प्राणी आणि साप एकमेकांत गुंतलेले. तार गुळगुळीत नाही, मण्यांची सर असावी तशी सलग खाचांची. मधूनमधून अंबर आणि रंगीत काच. साखळी जिथे अडकते तिथे जांभळ्या काचेचे दोन माणसांचे चेहरे आहेत, इतके बारके की पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते मणीच वाटतात.

आणि खरी गंमत मागे आहे. ब्रोच अंगावर असताना जी बाजू कुणालाच दिसणार नाही तिथे जुने ला टेनच्या घराण्यातले भोवरे आणि तुताऱ्या आहेत. म्हणजे 'प्राचीन केल्टिक' म्हणावं असं जे काही आहे ते कापडाला चिकटून बसलेलं.

'टारा' हे नाव मात्र शुद्ध धंदा. १८५० मध्ये हे ब्रोच मीथ परगण्यात बेटीस्टाउनला सापडलं. वॉटरहाउस नावाच्या डब्लिनच्या जवाहिऱ्याने ते विकत घेतलं, आयरिश राजांची टेकडी म्हणून प्रसिद्ध असलेल्या टाराचं नाव त्याला चिकटवलं, आणि प्रतिकृती विकायला काढल्या. टाराच्या टेकडीशी त्याचा काडीचाही संबंध नाही. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ते मिरवलं. १८६८ मध्ये रॉयल आयरिश अकादमीने ते घेतलं. आजच्या 'केल्टिक ज्वेलरी' नावाच्या बाजाराचा पाया त्या दुकानात आहे असं माझं मत.

खवचट_आजोबा

म्हणजे आमच्या सूनबाईंनी आणलेलं 'पाच हजार वर्षांपूर्वीचं केल्टिक' पेंडंट सातव्या शतकातलं निघालं म्हणायचं. बरं झालं, मी विमा उतरवला नव्हता.

लिफीकाठची

आजोबा, नक्षी कशी आहे ते सांगा. तीन भोवरे एकमेकांना जोडलेले असतील तर पाच हजारचा आकडा चुकीचा नाही! ती नक्षी न्यूग्रेंजच्या थडग्यात दगडावर कोरलेली आहे, इ.स.पू. ३२०० च्या सुमाराची. फक्त तिथे केल्टिक म्हणता येत नाही, कारण ते नवाश्मयुगातले शेतकरी होते, केल्टांच्या कितीतरी आधीचे. दुकानदार तीन भोवरे आणि तीन टोकांची गाठ शेजारीशेजारी ठेवतो आणि दोन्हीला एकच कार्ड लावतो.

खवचट_आजोबा

भोवरेच आहेत. सूनबाईंना सांगतो. अर्धी बरोबर आहेस म्हणून.

रवाकाम

लेख आवडला ताई. आमचं घर हुपरीकडचं, तीन पिढ्या चांदीत. 'मण्यांची सर असावी तशी तार' हे वाचून थांबलो. ही तार कशी करायचे? आमच्याकडे रवा वेगळा करतात, बारीक गोळ्या पाडून मग झाळतात. तारेलाच मणी पाडायचे म्हणजे वेगळं काम आहे. आणि नखाएवढ्या खणात तारेवर तार झाळायची तर पहिली झाळ सुटायची भीती. त्या काळी ना गॅसची बत्ती, ना भिंग.

लिफीकाठची

रवाकाम, तुमच्यासारख्यांनीच इथे लिहायला हवं. मला समजलंय ते असं: गोल तार घ्यायची, खाच असलेल्या हत्याराखाली ती पुढेमागे लोळवायची, की तिच्यावर एकसारख्या खाचा पडून मणी दिसतात. टारा ब्रोचमध्ये काही ठिकाणी आधी पत्र्याची उभी पट्टी बसवून तिच्या काठावर ही तार चढवली आहे. त्यामुळे नक्षी वर उचललेली दिसते आणि खाली सावली पडते. शिवाय मागचा पत्रा सपाट न ठेवता आधीच ठोकून उठाव दिलेला.

रवाकाम

पट्टी उभी करून काठावर तार. म्हणजे तार टेकायला जागा किती, केसाएवढी. माणूस एकच काम आयुष्यभर करत असेल तरच हे जमतं. अशा माणसाला खायला घालणारा कुणीतरी मोठा धनी लागतो.

लिफीकाठची

अगदी. धनी म्हणजे राजे आणि मठ. जुन्या आयरिश कायद्याच्या ग्रंथांत कुणाच्या मुलाच्या अंगावर कसलं ब्रोच असावं याचेही उल्लेख आहेत, सोनं कुणाला आणि चांदी कुणाला. आणखी एक मजेदार नियम: ब्रोचच्या पिनेने दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई द्यावी लागे. पण पुरुषाने ती खांद्यावर नीट लावली असेल आणि टोक बाहेर आलेलं नसेल, किंवा बाईने छातीवर लावली असेल, तर जबाबदारी नाही. तेव्हा त्या काळी ब्रोच पाहून लोक 'अनंतत्व' वगैरे वाचत होते की नाही देव जाणे, पण समोरचा किती तालेवार आहे हे नक्की वाचत होते. माझ्या मते हाच त्या दागिन्याचा पहिला अर्थ.

एडिनबरोकर

धागा मस्त. आमच्या बाजूचंही थोडं टाकतो, नाहीतर सगळं श्रेय आयर्लंडला जाईल :)

एडिनबराच्या संग्रहालयात हंटरस्टन ब्रोच आहे, टारा ब्रोचचं सख्खं भावंडच म्हणा, साधारण त्याच काळातलं. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर एअरशरमध्ये सापडलं. त्याच्या मागच्या बाजूला कुणीतरी रून लिपीत ओरखडे काढलेत, दहाव्या शतकात, म्हणजे घडवल्यानंतर दोनेकशे वर्षांनी. मजकूर एवढाच: 'हे ब्रोच मेलब्रिग्दाचं आहे.' नाव गेलिक आणि भाषा-लिपी व्हायकिंगांची! दागिन्याच्या अर्थावर मध्ययुगातल्या माणसाने स्वतःच्या हाताने काही लिहिलं असेल तर ते हे. 'माझं आहे, हात लावू नका.'

दुसरा खजिना सेंट निनियन्स आयलचा. शेटलंडमध्ये ४ जुलै १९५८ ला उत्खननात मदतीला आलेल्या एका शाळकरी मुलाला दगडाच्या लादीखाली लाकडी पेटी सापडली. आत चांदीच्या २८ वस्तू, त्यात १२ ब्रोच, आणि सोबत एका शिंशुकाचा (डॉल्फिनसारखा सागरी प्राणी) जबडा. तो जबडा कशाला ठेवला असेल यावर आजही लोक डोकं खाजवताहेत. वाडग्यांवर, ब्रोचवर गाठी आणि प्राणी भरपूर. हे पिक्ट लोकांचं, म्हणजे उत्तर स्कॉटलंडच्या तेव्हाच्या रहिवाशांचं, काम मानतात.

मनवा_क

चर्चा छान पण थोडा वेगळा सूर लावते. अर्थ नंतर लावला म्हणून तो खोटा कसा? माझ्या लग्नात नवऱ्याने (तो कॉर्कचा आहे) तीन टोकांची गाठ असलेली अंगठी घातली. त्याच्या आजीनेही तशीच घातली होती. तिच्यासाठी ती 'ट्रिनिटी'च होती, ती रोज चर्चला जायची. तिला कुणी येऊन 'आजी, याला पुरावा नाही' म्हणालं असतं तर तिने त्याला चहा पाजून घालवून दिलं असतं.

लिफीकाठची

मनवा, आजीच्या अंगठीशी माझं भांडण नाही. तिने तो अर्थ जगला, तो तिचा झाला. माझं भांडण 'प्राचीन' या शिक्क्याशी आहे. तीन टोकांची गाठ बुक ऑफ केल्समध्ये दिसते हे खरं. पण तीच स्वीडनमध्ये फुन्बोच्या रूनशिळेवर आहे, जर्मन प्रदेशातल्या जुन्या नाण्यांवर आहे. बऱ्याच जागी ती रिकामा कोपरा भरायला वापरलेली दिसते. त्रिकोणी जागा उरली की तीन टोकांची गाठ बरोबर बसते. ख्रिस्ती भिक्षूच्या मनात ती काढताना पवित्र त्रयी आली नसेल असं मी म्हणत नाही, पण त्याने तसं सांगितलेलं नाही.

आणि अर्थ जगण्याचंच म्हणशील तर गॉलवेची क्लाडा अंगठी बघ. दोन हात, मधे हृदय, वर मुकुट. तिच्यात गाठ नाही, तरी दुकानात तीही याच काचेखाली असते. हातात हात दिलेल्या अंगठ्या युरोपात रोमन काळापासून आहेत. गॉलवेची तऱ्हा इ.स. १७०० च्या आसपासची, रिचर्ड जॉइस नावाच्या सोनाराच्या शिक्क्याची जुनी अंगठी आजही आहे. चाच्यांनी त्याला पळवून गुलाम केलं, तिथे तो सोनारकाम शिकला आणि सुटून आल्यावर ही अंगठी घडवली, ही कथा दुकानदार रंगवून सांगतात. ती कितपत खरी ते सोडा. पण क्लाडाच्या कोळ्यांच्या वस्तीत आईकडून मुलीकडे ती अंगठी गेली, लग्न ठरलं की कुठल्या हातात, हृदयाचं टोक कुणीकडे, हे सगळं लोकांनी पाळलं. तिथे अर्थाला माणसं आहेत. 'ओकचं बळ' वाल्या गाठीला असा कुणी वारस मला तरी सापडलेला नाही.

मनवा_क

हे पटलं. आमच्या सासूबाईंकडे क्लाडाही आहे आणि तिच्याबद्दल बोलताना त्या वेगळ्याच होतात. गाठीच्या अंगठीबद्दल नाही होत. आता लक्षात आलं.

सिंधुपुत्र

सगळे एक गोष्ट विसरताय. केल्टांचे ड्रुइड, म्हणजे त्यांचे पुरोहित, ते ब्राह्मणच. डेन्मार्कमध्ये सापडलेल्या गुंडेस्ट्रुपच्या चांदीच्या कढईवर शिंगं असलेला देव मांडी घालून बसलाय, हुबेहूब मोहेंजोदडोचा पशुपती! शिवाय त्यावर हत्ती. आणि अंत नसलेली गाठ म्हणजे आपलं श्रीवत्स. अजून काय पुरावा हवा?

एडिनबरोकर

सिंधुपुत्र, कढई १८९१ मध्ये दलदलीत सापडली, घडवली इ.स.पू. दुसऱ्या-पहिल्या शतकाच्या आसपास. पशुपतीची मुद्रा तिच्यापेक्षा दोन हजार वर्षं तरी जुनी. मधल्या काळात एकाने दुसऱ्याला दाखवली म्हणायची तर कुणी? तो शिंगवाला एका हातात टॉर्क आणि दुसऱ्या हातात मेंढ्याच्या डोक्याचा साप धरून बसलाय, तो साप गॉलमधल्या (आजच्या फ्रान्सकडच्या) मूर्तींतही सापडतो. चांदीचं काम बाल्कन भागातल्या थ्रेशियन कारागिरांच्या धाटणीचं आहे असं अनेक अभ्यासक मानतात. त्या बाजूला हत्ती ऐकून-पाहून माहीत असणं अवघड नाही. आणि मुख्य म्हणजे तिचा गाठींशी काही संबंध नाही. आयरिश आणि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या आहेत, तेवढं मान्य. भाषेबरोबर नक्षीही येते असं नसतं.

सिंधुपुत्र

पाश्चात्य अभ्यासक असंच म्हणणार. असो.

खवचट_आजोबा

सिंधुपुत्र, जर्मनीतल्या माझ्या मित्राचं म्हणणं आहे की वडापावसुद्धा केल्टिक आहे. गोल आहे, अंत नाही.

गणितवेडी

भांडणं बाजूला ठेवा, मला या गाठींचं गणित फार आवडतं, ते सांगते.

चौकटीत साधी वेणी भरायची असेल तर धागे किती लागतील? ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांसमोर आणा, पण ठिपके जोडणारी नाही, ठिपक्यांभोवती रेष वळवत नेणारी. तमिळनाडूत सिक्कू कोलम म्हणतात ती. उभे ३ आणि आडवे ५ ठिपके घेतले तर एकच रेष सगळ्या ठिपक्यांभोवती फिरून आरंभाला येऊन मिळते. ४ आणि ६ घेतले तर दोन वेगळ्या रेषा लागतात. ४ आणि ४ घेतले तर चार. नियम सोपा: दोन आकड्यांचा मसावि काढा, तेवढे धागे. केल्टिक वेणीलाही हाच नियम लागू. कोलम आणि या गाठी एकमेकींच्या नात्यातल्या नाहीत. भूमिती मात्र तीच.

मग 'एकच अखंड धागा, म्हणून अनंत जीवन' हे कार्डावरचं वाक्य? जुन्या दगडांवर आणि पोथ्यांत कितीतरी गाठी दोन, तीन, चार सुट्या फेऱ्यांच्या आहेत. कारागिराला एकच धागा हवाच होता असं दिसत नाही. पण हवा असेल तर युक्ती आहे: दोन वेगळ्या फेऱ्या जिथे एकमेकींना छेदतात तिथला छेद तोडायचा आणि टोकं शेजारच्यांना जोडायची, दोन्हींची एक फेरी होते. साध्या वेणीत असे छेद ठरावीक जागी तोडत गेलं की एकेक गाठ उमटते. पेशाने इंजिनियर असलेल्या जॉन रोमिली ॲलन यांनी स्कॉटलंडच्या शिळांवरची नक्षी अशीच उकलून दाखवली, त्यांचं काम १९०३-०४ मध्ये छापलं गेलं. नंतर जॉर्ज बेन या चित्रकला शिक्षकाने १९५१ मध्ये काढायची रीत पुस्तकरूपाने मांडली. आज जगभरचे गोंदणवाले आणि सोनार त्याच रीतीवर जगतात.

रवाकाम

ताई हे भारी आहे. मसावि शाळेनंतर पहिल्यांदा कामी आला. आणखी एक, गाठीत 'वरून-खालून-वरून-खालून' कधी चुकत नाही ना?

गणितवेडी

नियम तोच, एक वर एक खाली. चौकट नीट आखली तर तो आपोआप जुळतो, सलग मोजत बसावं लागत नाही. हे त्या भिक्षूंनाही माहीत होतं. लिंडिसफार्नच्या पोथीत काही पानांच्या पाठीमागे शिशाच्या टोकाने आखलेली चौकट, कंपासचे टोचे दिसतात. शिवाय आयर्लंडात हाडांचे आणि दगडांचे तुकडे सापडतात, त्यावर कारागिरांनी गाठी गिरवलेल्या. काही नीट, काही अर्धवट सोडलेल्या. दागिन्यापेक्षा मला ते तुकडे जास्त आवडतात.

लिफीकाठची

मलाही! एका हाडावर दोन सुरेख गाठी आणि शेजारी एक पार गंडलेली. उमेदवारी करणारं पोर असणार.

रवाकाम, तुमच्यासाठी आणखी एक. टारा ब्रोचला तारेची विणलेली साखळी आहे, त्या काळच्या ब्रिटिश बेटांवर इतरत्रही अशा साखळ्या सापडल्यात. एकोणिसाव्या शतकातले इंग्रज अभ्यासक अशा विणकामाला चक्क 'ट्रिचिनोपोली' म्हणायचे. तिरुचिरापल्लीहून तशा साखळ्या तेव्हा इंग्लंडात विकायला जात, त्यामुळे खोदकामात तसं काही निघालं की त्यांना तेच नाव सुचायचं. कॉर्नवॉलच्या ट्रेविडल खजिन्यातली चांदीची साखळी याच जातीची, नवव्या शतकातली.

रवाकाम

म्हणजे आपल्या गोफाची चुलतबहीण. गोफ पेड वळून होतो, ही काठीवर फास घेत विणतात ना? आमच्याकडे दक्षिणेतले कारागीर करतात, माहीत आहे. बोटं सोलून निघतात.

चहा_कमी_साखर

वाचनमात्र होतो, पण राहवलं नाही. कार्डावरच्या अर्थावरून आठवलं, ते आयरिश अरान स्वेटर. प्रत्येक घराण्याची वीण वेगळी, बुडालेल्या कोळ्याची ओळख वीण बघून पटवायचे, असं तिथल्या दुकानात सांगितलं. तेही असंच का?

लिफीकाठची

तेही असंच :) आयरिश नाटककार जे. एम. सिंग यांच्या १९०४ च्या 'रायडर्स टू द सी' नाटकात एक बहीण बुडालेल्या भावाचा मोजा सुटलेल्या टाक्यांवरून ओळखते. मोजा, स्वेटर नाही. तिने स्वतः विणलेला, घराण्याच्या विणीचा नाही. पुढे हाइन्झ कीवे नावाच्या लोकरीच्या व्यापाऱ्याला १९३६ मध्ये डब्लिनला असा एक स्वेटर दिसला. त्याने त्याची नक्षी थेट बुक ऑफ केल्सच्या गाठींशी जोडून दिली आणि प्राचीन अर्थांची मालिकाच रचली. मुळात ही वीण आयर्लंडच्या अरान बेटांवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुजली. स्वेटर उबदार आहे, तेवढं शंभर टक्के खरं.

एडिनबरोकर

स्कॉटलंडमध्ये आयोनाचीही अशीच पण जास्त प्रामाणिक गोष्ट आहे. अलेक्झांडर रिची आणि त्यांची बायको युफेमिया यांनी १८९९ पासून आयोना बेटावर चांदीचे दागिने करून प्रवाशांना विकायला सुरुवात केली. बेटावरच्या मध्ययुगीन शिळांवरची नक्षी स्वतः उतरवून घ्यायचे. दोघं १९४१ मध्ये एकमेकांपाठोपाठ गेले. आज त्यांचे जुने पिन-ब्रोच लिलावात निघाले की लोक तुटून पडतात. तो माल 'प्राचीन' म्हणून नाही तर 'रिची' म्हणून विकला जातो, हे मला आवडतं.

पिंपळपान

मुलाने (वय १९) तीन टोकांच्या गाठीचं गोंदण ठरवलंय. एका अमेरिकन मालिकेत बघितलं म्हणे. मला गोंदणाचं काही नाही, पण उद्या युरोपात शिकायला गेला तर त्यावरून काही लफडं होईल का?

एडिनबरोकर

तीन टोकांच्या गाठीचं काही नाही, बिनधास्त करू दे. मालिकांत, रॉक बँडच्या मुखपृष्ठांवर, सगळीकडे आहे ती. मात्र गोंदणवाल्याच्या वहीत 'केल्टिक क्रॉस' नावाने वर्तुळात बसवलेला साधा समभुज क्रॉस असतो, तो टाळायला सांगा. ते चिन्ह इथल्या अतिउजव्या गोऱ्या गटांनी उचललंय. आयर्लंडच्या दफनभूमीत असतात ते लांब दांड्याचे, नक्षीदार दगडी क्रॉस वेगळे, त्यांना कुणी काही म्हणत नाही. हातावर बारक्या आकारात मात्र फरक समजत नाही.

पिंपळपान

आभारी आहे. हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याला दाखवते.

चहा_कमी_साखर

मग घ्यायचं झालं तर काय बघून घ्यावं? विमानतळावर घेतलेलं एक पेंडंट महिन्याभरात काळं पडून वर तांबूस दिसायला लागलं होतं.

लिफीकाठची

चांदी काळी पडणं नैसर्गिक आहे, पण तांबूस दिसलं म्हणजे मुलामा होता. मागे तीन खुणा शोधा: घडवणाऱ्याचा शिक्का, ९२५ चा आकडा, आणि डब्लिनच्या 'असे ऑफिस'चा, म्हणजे धातूची शुद्धता तपासणाऱ्या कचेरीचा, शिक्का. डब्लिनच्या सोनारांच्या कंपनीला १६३७ मध्ये सनद मिळाली, तेव्हापासून हे तपासकाम तिच्याकडे आहे. 'आयरिश डिझाइन' असं छापलेलं असलं की आयर्लंडात घडवलेलं असं समजू नका, दोन्ही वेगळ्या गोष्टी. आणि दुकानदाराला विचारा, ही गाठ कुठल्या दगडावरून किंवा पोथीतून घेतली? चांगला कारागीर पटकन सांगतो, 'मोनास्टरबॉइसच्या क्रॉसवरून' वगैरे. नुसतं 'शक्तीचं प्रतीक' म्हणाला तर पुढचं दुकान.

डब्लिनला एकच दिवस असेल तर किल्डेअर स्ट्रीटचं संग्रहालय आधी करा, प्रवेश फुकट आहे. टारा ब्रोच, आर्डाचा चषक, १२व्या शतकाच्या सुरुवातीचा काँगचा क्रॉस, सगळं तिथे. बुक ऑफ केल्स तिथून चालत जाण्याच्या अंतरावर ट्रिनिटी कॉलेजात, त्याला मात्र तिकीट आहे आणि गर्दीही. आर्डाचा चषक बटाटे खणताना सापडलाय, १८६८ मध्ये, हे मुलांना सांगा म्हणजे ती कंटाळणार नाहीत.

रवाकाम

मी ठरवलंय, ३ बाय ५ ची गाठ चांदीच्या तारेत करून बघतो. एकच तार, एकच सांधा. गणितवेडीताई, आकृती टाकाल का? तार किती जाड घ्यावी ते मी बघतो.

गणितवेडी

आज रात्री टाकते. कडेच्या वळणांना टोक द्यायचं की गोल ठेवायची ते सांगा, त्यावर आकृती बदलेल. आणि सांधा कुठल्या छेदाखाली घेणार?

रवाकाम

टोक द्या, जुन्यासारखं. सांधा कोपऱ्याच्या शेजारच्या छेदात, वरच्या तारेखाली. तिथे दाबही कमी येतो आणि दिसतही नाही. पहिल्या वेळी तांब्यात करतो, चांदी महाग झालीये.

खवचट_आजोबा

झाली की कार्ड मी लिहितो. 'हुपरीची प्राचीन गाठ. मसावि एक.'